टी-मूल्य सार्थक आलं, तरी आंतरिक सप्रमाणता कमकुवत कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.एड.च्या लघुशोधप्रबंधासाठी नववी अ (४२ विद्यार्थी) या तुकडीला ‘गतीचे नियम’ हा पाठ संशोधकाने स्वतः संकल्पना-नकाशे (संकल्पना आणि त्यांचे संबंध रेषांनी जोडून दाखवणाऱ्या आकृत्या) वापरून तीन आठवडे शिकवला. नववी ब (४० विद्यार्थी) ला तोच पाठ शाळेच्या शिक्षकांनी नेहमीच्या पद्धतीने शिकवला. ३० गुणांच्या पूर्वचाचणीत दोन्ही तुकड्यांची सरासरी १४ च्या आसपास होती, फरक सार्थक नव्हता. उत्तरचाचणीत अ ला २२.१ आणि ब ला १८.४. टी-मूल्य (दोन सरासरींतला फरक योगायोगाच्या मानाने किती मोठा हे सांगणारा आकडा) ३.९, म्हणजे ०.०१ स्तरावर सार्थक, म्हणून शून्य परिकल्पना (दोन पद्धतींत फरक नाही हे गृहीतक) फेटाळली. मार्गदर्शक मात्र म्हणतात की आंतरिक सप्रमाणता (फरक पद्धतीमुळेच पडला याची खात्री) कमकुवत आहे. चुकलं काय, आणि आता काय करता येईल?

मार्गदर्शकांचं बरोबर आहे. टी-मूल्य एवढंच सांगतं की ३.७ गुणांचा फरक निव्वळ योगायोगाने पडणं अवघड आहे. तो कशामुळे पडला हे त्याला कळत नाही. अ आणि ब मध्ये नकाशांखेरीज काय काय वेगळं होतं ते कागदावर उतरवून काढा: तुकडी वेगळी, शिकवणारी व्यक्ती वेगळी, तासिकेची वेळ वेगळी, बाहेरून कुणीतरी आल्याची नवलाई फक्त अ ला, चाचणी काढणारी आणि तपासणारी व्यक्ती अ ला शिकवणारीच. यातली प्रत्येक गोष्ट त्या ३.७ गुणांवर हक्क सांगू शकते. यातले किती दावेदार तुमच्या अभिकल्पाने (प्रयोगाच्या रचनेने) बाद झाले, यावर आंतरिक सप्रमाणता ठरते. हा शब्द मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९५७ मध्ये रूढ केला. १९६३ मध्ये त्यांनी ज्युलियन स्टॅनली यांच्याबरोबर दिलेली धोक्यांची यादी (घटना, परिपक्वता, चाचणीचा परिणाम, साधनातला बदल, प्रतिगमन, निवड, गळती) आजही संशोधन पद्धतीच्या पेपरला हमखास विचारली जाते. दहा गुणांसाठी ती सगळ्यांना पाठ असते, पण आराखडा लिहायला बसल्यावर कुणाला आठवत नाही.

एक गोंधळ आधीच दूर करू. ‘चाचणी पाच तज्ज्ञांना दाखवून सप्रमाण करून घेतली’ ही साधनाची सप्रमाणता झाली. मार्गदर्शक प्रयोगाच्या सप्रमाणतेबद्दल बोलत आहेत. उत्तम मोजपट्टीनेही चुकीच्या तुलनेतून कारण सापडत नाही.

आता तुमच्या प्रयोगातला सर्वांत मोठा दोष. शिक्षक आणि पद्धत एकमेकांना पूर्ण चिकटले आहेत: जिथे नकाशे तिथे तुम्ही, जिथे नकाशे नाहीत तिथे दुसरं कुणी. हा फरक कोणतंही सांख्यिकी तंत्र सोडवू शकत नाही, कारण ‘तुम्ही, पण नकाशांविना’ किंवा ‘ते शिक्षक, पण नकाशांसह’ असा एकही विद्यार्थी तुमच्या माहितीत नाही. दोन्ही गटांना एकाच व्यक्तीने शिकवलं तर हे सुटतं, पण मग त्या व्यक्तीचा कल आडवा येतो. ज्याला आपली पद्धत सिद्ध करायची आहे तो नियंत्रित गटाला नकळत मरगळलेल्या आवाजात शिकवतो. म्हणून दोन्ही गटांची पाठ टाचणं आधीच लिहून ठेवावीत, आणि तासिकांपैकी निदान एक पंचमांश तासिकांना तिसऱ्या व्यक्तीने निरीक्षणतक्ता घेऊन बसावं. ठरवलेल्या पायऱ्यांपैकी किती पाळल्या, हे दोन्ही गटांसाठी टक्क्यांत द्यावं.

दुसरा दोष तुकडीचा. तुम्ही ८२ विद्यार्थी मोजले, पण वाटणी ८२ जणांची झालेली नाही. वाटणी दोन तुकड्यांची झाली. एका तुकडीतली मुलं एकमेकांसारखी होत जातात: तोच शिक्षक, तीच खिडकीची बाजू, तेच शिकवणीचे वर्ग, आणि काही शाळांत तर गुणांवरूनच पाडलेल्या तुकड्या. हे साम्य अंतर्वर्ग सहसंबंधाने मोजतात. तो ०.१५ धरला आणि तुकडीत सरासरी ४१ मुलं असली, तर माहिती किती पटीने घटते त्याचा आकडा १ + (४० × ०.१५) = ७. म्हणजे तुमच्या ८२ विद्यार्थ्यांची माहिती जेमतेम १२ स्वतंत्र विद्यार्थ्यांइतकी. टी-मूल्यही ७ च्या वर्गमुळाने, म्हणजे २.६५ ने भागलं जाईल आणि ३.९ चं १.५ च्या घरात येईल. हीसुद्धा सवलतच झाली. खरा हिशेब कडक आहे: दोन गट, दोन तुकड्या, म्हणजे तुकड्यांच्या पातळीवर स्वाधीनता मात्रा (योगायोग मोजायला उरलेल्या स्वतंत्र माहितीची संख्या) शून्य. तुकडीचा परिणाम आणि पद्धतीचा परिणाम वेगळा करायला काहीच उरत नाही.

शेतीशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे चटकन कळतं. एका वाणाचा एकच वाफा बांधाच्या या बाजूला आणि दुसऱ्या वाणाचा एकच वाफा त्या बाजूला लावला, आणि प्रत्येक वाफ्यातली दोनशे कणसं मोजली, तर त्याला कुणी दोनशे पुनरावृत्ती म्हणत नाही. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी गट पाडून यादृच्छिक वाटणीची पद्धत बसवली ती याचसाठी. शिक्षणशास्त्रात आपण मात्र कणसं मोजतो आणि वाफे विसरतो.

‘पण पूर्वचाचणीत फरक सार्थक नव्हता, म्हणजे गट समान होते’ हा बचाव टिकत नाही. फरक सार्थक नसणं म्हणजे फरक नसणं नव्हे. लहान न्यादर्शात दीड गुणाचा फरकही सार्थक येणार नाही. शिवाय पूर्वचाचणी फक्त त्या दिवशीचे गुण जुळवते. शिकण्याचा वेग, घरची मदत, गणिताची तयारी जुळवत नाही. दोन तुकड्या आज १४ वर असतील आणि तरी एक चढाला लागलेली, दुसरी थबकलेली असू शकते.

पुढचे धोके छोटे दिसतात, पण निकाल पालटू शकतात. प्रायोगिक गटाला शाळा सुटल्यावर जादा तासिका दिल्या असतील, तर तुमचा स्वतंत्र चल ‘पद्धत’ नसून ‘पद्धत अधिक वेळ’ आहे. दोन्ही गटांना मिनिटांत मोजून समान वेळ द्या. चाचणीत ‘खालील संकल्पना-नकाशा पूर्ण करा’ असा प्रश्न असेल तर तो ब गटाने कधी पाहिलाच नव्हता. असे प्रश्न काढून टाका, किंवा त्यांचा निकाल वेगळा दाखवा. उत्तरपत्रिका तपासताना तुकडी कळता कामा नये: नावाचा भाग दुमडून शिवा, सांकेतिक क्रमांक द्या, दोन्ही गटांचे गठ्ठे पत्ते पिसल्यासारखे मिसळा, दोन परीक्षकांना स्वतंत्र तपासू द्या. दीर्घोत्तरी प्रश्नांत तपासनीसाची अपेक्षा गुण सहज हलवते. एकाच परीक्षकाने आधी सगळे अ आणि मग दमल्यावर सगळे ब तपासले, तर तेवढ्यानेही फरक पडतो.

पद्धत एका गटातून दुसऱ्या गटात झिरपण्याचाही विचार करा. अ मधल्या मुलीने नकाशांची वही ब मधल्या मैत्रिणीला दिली, की नियंत्रित गट नियंत्रित राहिला नाही. याने परिणाम फुगत नाही, उलट आकसतो. म्हणून ‘काही मुलांनी वह्या वाटून घेतल्या’ हे लपवायचं कारण नाही, मर्यादेत सरळ लिहा.

प्रतिगमनाचा (टोकाचे गुण दुसऱ्या वेळी आपोआप सरासरीकडे सरकण्याचा) धोका तुमच्या अभिकल्पात कमी आहे. ‘अप्रगत’ मुलांवर उपचारात्मक अध्यापन करणाऱ्या एकल गट प्रयोगांत मात्र तो जवळजवळ हमखास असतो. १०० गुणांच्या चाचणीत वर्गाची सरासरी ५० आहे. सर्वांत खालची मुलं निवडली, त्यांची सरासरी ३०. चाचणी-फेरचाचणी सहसंबंध ०.७ असेल, तर काहीही न शिकवता दुसऱ्या वेळी त्यांची अपेक्षित सरासरी ५० − (०.७ × २०) = ३६ येईल. सहा गुण फुकट! कारण पहिल्या दिवशी तळाला असलेल्यांत काही जण खरोखर कच्चे असतात, तर काहींचा नुसता दिवस वाईट गेलेला असतो. नियंत्रित गटाशिवाय ‘उपचाराने सहा गुणांची वाढ’ असं छापणारे कितीतरी कृतिसंशोधन अहवाल निघतात. उपाय साधा आहे: तळाची मुलं निवडल्यानंतर त्याच यादीतून चिठ्ठ्यांनी अर्धी उपचाराला आणि अर्धी प्रतीक्षेत ठेवा, आणि प्रतीक्षेतल्यांना पुढच्या सत्रात तोच उपचार द्या. कुणी वंचित राहत नाही आणि तुलनाही मिळते.

मग तुमच्यासारख्या दोन तुकड्यांच्या शाळेत नीट प्रयोग कसा बसवायचा? दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग तुकडीच्या आत वाटणी करण्याचा. पूर्वचाचणीच्या गुणांनुसार तुकडीतल्या मुलांचा उतरता क्रम लावा, लागोपाठच्या दोघांची जोडी करा, आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवून एकाला प्रायोगिक, दुसऱ्याला नियंत्रित गटात टाका. दोन्ही तुकड्यांत असं करा. तासिकेला दोन्ही तुकड्यांचे प्रायोगिक विद्यार्थी एका खोलीत, नियंत्रित दुसऱ्या खोलीत. नाणं संशोधकाने उडवू नये, मुख्याध्यापकांसमोर दुसऱ्या कुणी उडवावं आणि यादीवर सही घ्यावी. एक्सेलमध्ये रँडचं सूत्र वापरणार असाल तर आकडे आले की लगेच ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करून गोठवा. नाहीतर प्रत्येक एंटरला ते बदलतात, आणि ‘कोणती वाटणी बरी दिसते’ हे निवडायचा मोह होतो. हजेरी क्रमांकावरून सम-विषम करू नका. कोण कुठे जाणार हे आधीच ठाऊक असतं आणि एखाददुसरा क्रमांक ‘सोयीसाठी’ इकडचा तिकडे होतो. यादृच्छिक निवड आणि यादृच्छिक वाटणी या वेगळ्या गोष्टी आहेत हेही प्रबंधात स्पष्ट लिहा. जिल्ह्यातून शाळा चिठ्ठीने काढली तर निष्कर्ष इतर शाळांना लागू करता येतात. त्याने गट समान होत नाहीत.

या मार्गात मुलं किती लागतात? अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याचं माप) परिणाम ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल तर प्रत्येक गटात सुमारे ६४. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीचा सहसंबंध ०.७ असेल आणि विश्लेषणात पूर्वचाचणी सहचल (ज्याचा परिणाम आधी वजा करायचा असा चल) म्हणून घेतली, तर ही संख्या (१ − ०.४९) पट, म्हणजे ३३ वर येते. तुमच्या ८२ मुलांत हे बसतं. परिणाम ०.३ इतकाच अपेक्षित असेल तर मात्र सहचल घेऊनही प्रत्येक गटाला जवळपास ९० मुलं हवीत.

दुसरा मार्ग अदलाबदलीचा. मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवायला शाळा तयार नसेल तर तोच बरा. ‘गतीचे नियम’ अ ला नकाशांनी, ब ला नेहमीप्रमाणे. मग ‘धाराविद्युत’ ब ला नकाशांनी, अ ला नेहमीप्रमाणे. शिकवणारी व्यक्ती चारही वेळा एकच. पहिल्या पाठात अ वजा ब, दुसऱ्यात ब वजा अ, आणि दोन्हींची सरासरी हा पद्धतीचा परिणाम. अ तुकडी मुळातच चार गुणांनी हुशार असेल, तर पहिल्या पाठात अधिक चार, दुसऱ्यात उणे चार, सरासरी शून्य. तुकडीचा फरक आपोआप वजा होतो. मधला ‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ दुसऱ्या फेरीला घेऊ नका. तो गतीवर उभा आहे, पहिल्या फेरीचा फायदा तिथे वाहून येईल. एक उणीव तरी राहतेच: नकाशे काढायला शिकलेली अ ची मुलं धाराविद्युतलाही स्वतःच नकाशे काढतील. त्याने परिणाम कमी दिसेल, जास्त नाही. तुकड्या दोनच असल्याने ‘या तुकडीला हा पाठच आवडला’ ही शंकाही पूर्ण जात नाही. तरी सध्याच्या अभिकल्पापेक्षा हा कितीतरी पुढचा.

अदलाबदलीचं तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं गेलं ते ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमाच्या (मागे पडलेल्या मुलांना मूलभूत वाचन-गणित शिकवणाऱ्या तरुणी म्हणजे बालसखी) मूल्यमापनात, मुंबई आणि वडोदरा इथे, २००१ ते २००३ या दोन शैक्षणिक वर्षांत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन यांनी ते केलं आणि निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. वडोदऱ्यात चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्या शाळांत बालसखी तिसरीला, उरलेल्या निम्म्यांत चौथीला. पुढच्या वर्षी उलट. कोणतीही शाळा रिकाम्या हाती राहिली नाही, म्हणून शाळांनी सहकार्य केलं, आणि प्रत्येक इयत्तेला नियंत्रित शाळा मिळाल्या. पहिल्या वर्षी परिणाम ०.१४ प्रमाण विचलन, दुसऱ्या वर्षी ०.२८. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास बालसखीकडे जात. मग प्रश्न आला, फायदा बालसखीचा की लहान वर्गाचा? मूळ वर्गात उरलेल्या मुलांचाही वर्ग त्या दोन तासांत लहान झालाच होता, पण त्यांच्या गुणांत वाढ दिसली नाही. म्हणून केवळ वर्ग लहान झाल्याने हे घडलं, हा दावेदार मागे पडला. असा एखादा आंतरिक पडताळा आधीच योजून ठेवता आला तर प्रयोगाचं वजन वाढतं. उपक्रम संपल्यावर वर्षभराने परिणाम ०.१ च्या आसपास उतरला होता. तेव्हा उत्तरचाचणीनंतर सहा-आठ आठवड्यांनी धारणा चाचणी (किती लक्षात राहिलं याची चाचणी) घ्याच.

हे आकडे आणखी एका कामाला येतात. वर्षभर रोज दोन तासांनी ०.२८ मिळतं, आणि तुमच्या तीन आठवड्यांनी ३.७ भागिले सुमारे ४.३ (तुमच्या टी-मूल्यावरून निघणारं गुणांचं प्रमाण विचलन), म्हणजे ०.८६! अशक्य नाही, कारण तुमची चाचणी एकाच पाठाची आणि स्वतः काढलेली आहे. पण एवढा मोठा परिणाम दिसला की आनंदाआधी संशय यायला हवा.

चिठ्ठीशिवाय काहीच सिद्ध होत नाही, असंही नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी केलेला घरोघरी नवजात बाळांच्या काळजीचा प्रयोग यादृच्छिक नव्हता: ३९ प्रायोगिक गावं, ४७ नियंत्रित गावं. तरी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष टिकला. १९९३ ते ९५ अशी दोन वर्षं दोन्ही भागांची आधारमोजणी होती. तिसऱ्या वर्षी प्रायोगिक भागात नवजात मृत्युदर हजारी २५.५ झाला. जाहीर केलेली घट ६२.२ टक्के होती ती निव्वळ, म्हणजे नियंत्रित भागातला बदल वजा करून. आणि यंत्रणाही दिसत होती: जंतुदोष झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण आरोग्यदूतांच्या (प्रशिक्षित गाव-आरोग्यसेविकांच्या) उपचारानंतर १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आलं. दुसऱ्या कुठल्या कारणाने मृत्यू घटले असं म्हणणाऱ्याला, नेमकं जंतुदोषातच एवढी घट का, याचं उत्तर द्यावं लागतं. तुम्हाला चिठ्ठी टाकणं शक्यच नसेल तर निदान एवढं घ्या: मागच्या दोन-तीन घटक चाचण्यांचे दोन्ही तुकड्यांचे गुण. आलेखावर दोन रेषा आधी समांतर चालत असतील आणि प्रयोगानंतरच फाकल्या, तर तुमच्या बाजूला काहीतरी आहे. आधीच फाकत असतील तर काहीच नाही.

शाळाच एकक घेणार असाल तर तीन विरुद्ध तीन शाळा घेऊन मेहनत वाया घालवू नका. सहातून तीन निवडायचे २० मार्ग. म्हणजे सर्वांत अनुकूल निकाल आला तरी द्विपुच्छ क्रमचय चाचणीत (सगळ्या शक्य वाटण्यांशी, दोन्ही दिशांनी, तुलना करणाऱ्या चाचणीत) पी-मूल्य, म्हणजे निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता, २/२० = ०.१० च्या खाली जाऊच शकत नाही, आणि सार्थकतेला तर ०.०५ च्या खाली जावं लागतं. चार विरुद्ध चारमध्ये ७० मार्ग, ०.०२९ पर्यंत जाता येतं. शाळांच्या जोड्या लावल्या तर किमान सहा हव्यात. पाच जोड्यांना ०.०६२५ वर अडकाल.

गळतीचं एक वेगळं सांगायला हवं. मराठवाड्यातल्या गावांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं पटावरून दिसेनाशी होतात. सप्टेंबरला पूर्वचाचणी आणि डिसेंबरला उत्तरचाचणी ठेवली तर गळती हमखास, आणि ती गटागटांत सारखी नसेल तर तुलना मोडली. कालावधी जून-ऑगस्टमध्ये बसवा. दोन्ही गटांतले किती गेले आणि गेलेल्यांचे पूर्वचाचणीचे गुण किती होते, हे तक्त्यात द्या. पंधरापैकी सहाच तासिकांना आलेला मुलगा ‘त्याने पद्धत घेतलीच नाही’ म्हणून वगळू नका. ज्या गटात नाव निघालं त्याच गटात त्याची गणना करा. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या गर्भाशयमुख कर्करोगाच्या तपासणी प्रयोगात (५२ समूह, १,३१,७४६ स्त्रिया, निष्कर्ष २००९) एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) चाचणीच्या गटातल्या सुमारे ८० टक्के स्त्रियाच प्रत्यक्ष तपासणीला आल्या, पण तुलना नेमून दिलेल्या पूर्ण गटांची झाली. येणारी स्त्री न येणाऱ्या स्त्रीपेक्षा आधीच वेगळी असते. न येणाऱ्यांना गाळलं की चिठ्ठीने मिळवलेली समानता हातची जाते.

विश्लेषणात एक चूक फार दिसते: अ मध्ये पूर्व-उत्तर टी सार्थक, ब मध्ये नाही, म्हणून पद्धत प्रभावी. या दोन वेगळ्या चाचण्यांनी गटांची तुलना होतच नाही. एकच सहप्रसरण विश्लेषण (सुरुवातीचा फरक वजा करून गटांची तुलना) करा: आश्रयी चल (ज्यातला बदल मोजायचा तो) उत्तरचाचणी, सहचल पूर्वचाचणी, घटक गट. तुकडीत जोड्या लावल्या असतील तर जोडी किंवा तुकडीही घाला. पी-मूल्याबरोबर फरक गुणांत आणि त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराळ (खरा फरक ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो पट्टा) द्या. आणि हे सगळं, कोणती चाचणी मुख्य यासह, उत्तरचाचणीच्या आधी तारीख घालून मार्गदर्शकांच्या सहीने ठेवा.

आता तुमच्या हातातल्या माहितीचं काय? ती फेकू नका. उत्तरपत्रिका नाव झाकून, मिसळून, दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा तपासून घ्या. नकाशांशी थेट जोडलेले प्रश्न वगळून फरक पुन्हा काढा. मागच्या घटक चाचण्यांचे गुण मिळवून आलेख काढा. सत्र शिल्लक असेल तर ‘धाराविद्युत’ला दोन्ही तुकड्यांना स्वतः शिकवून अदलाबदलीची फेरी पूर्ण करा. पहिल्या फेरीत शिक्षक वेगळे होते हे त्याने पुसलं जाणार नाही, पण दुसऱ्या फेरीत ब पुढे गेली तर तो पुरावा स्वतःच्या पायावर उभा राहील. अभिकल्पाच्या नावात ‘समान गट’ लिहिलं असेल तर ते खोडून ‘असमतुल्य नियंत्रित गट अभिकल्प’ करा. निष्कर्षात ‘संकल्पना-नकाशांमुळे संपादन वाढले’ याऐवजी असं लिहा: ‘संशोधकाने नकाशांसह शिकवलेल्या तुकडीचे संपादन शाळेच्या शिक्षकांनी शिकवलेल्या तुकडीपेक्षा ३.७ गुणांनी अधिक आढळले. या फरकात शिक्षक, तुकडी आणि पद्धत यांचे वाटे वेगळे करता आले नाहीत.’ मौखिक परीक्षेत बाह्य परीक्षक या वाक्यावर अडवणार नाहीत. ‘मुळे’वर मात्र नक्की अडवतील.